२०२३ ला सगळीकडे मजूर पक्ष जिंकत होता, मग स्लाऊमध्येच कसा हरला?

प्रश्नकर्ते दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आलेत. त्यांनी ऑफिसात ऐकलंय की २०२३ च्या कौन्सिल (म्हणजे इथली महापालिका) निवडणुकीत ऋषी सुनक पंतप्रधान होते म्हणून भारतीय मतं त्यांच्या हुजूर पक्षाकडे फिरली आणि मजूर (लेबर) पक्ष आपटला. हे खरं का, आणि आपल्याला इथे मत असतं का, असं ते विचारताहेत.

शेवटचं आधी सांगतो. मत असतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे कौन्सिललाही मत देता येतं आणि पार्लमेंटलाही. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. फक्त मतदार यादीत नाव हवं. आपली बरीच मंडळी ते क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून नोंदवतात आणि मग मे महिन्यात घरी पोलिंग कार्ड आलं की गोंधळतात. माझंही तसंच झालं होतं.

४ मे २०२३ ला मी पहिल्यांदा मत दिलं. फोटो ओळखपत्र दाखवायची सक्ती इंग्लंडमध्ये त्याच निवडणुकीपासून सुरू झाली. भारतीय पासपोर्ट चालतो. शाळेच्या हॉलमध्ये दोन घडीची टेबलं, बाहेर खांबाला बांधलेलं कोणाचं तरी कुत्रं. टेबलामागच्या बाईंनी माझं आडनाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं, यादीतल्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली आणि कागद हातात दिला. मशीन नाही, बोटाला शाई नाही. आडोशाच्या फळीवर सुतळीने बांधलेली बोटभर पेन्सिल, तिने फुली मारायची. बाहेर आल्यावर मी सवयीने बोटाकडे पाहिलं!

फुल्या मात्र दोन. स्लाऊत २१ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकातून दोन जण निवडून जातात, म्हणजे एकूण ४२. आपल्या महापालिकेच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेला वेगळं बटण दाबायचं असतं. इथे तसं नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले दोघे निवडून येतात. त्यामुळे एक फुली पक्षाला आणि एक ओळखीच्या माणसाला असाही प्रकार होतो.

आता निकाल. हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) २१, मजूर पक्ष (लेबर) १८, लिबरल डेमोक्रॅट ३. मी त्यांना मजूर आणि हुजूरच म्हणतो, मराठी पेपर वाचून लागलेली सवय आहे. बहुमताला २२ हवेत, म्हणजे हुजूर पक्ष एका जागेने अडला आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या पाठिंब्यावर डेक्स्टर स्मिथ कौन्सिलचे नेते झाले. (इथे महापौर शोभेचा असतो, कारभार नेत्याकडे.) मजूर पक्ष २००८ पासून इथे सत्तेत होता आणि आधीच्या कौन्सिलात हुजूर नगरसेवक बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच दिवशी देशभरात हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या होत्या, म्हणून स्लाऊचा निकाल लोकांना उलटा वाटला.

मला तो उलटा वाटत नाही. जुलै २०२१ मध्ये स्लाऊ कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली. इंग्लंडमध्ये कायद्याने कौन्सिलचं दिवाळं निघत नाही, पण ही नोटीस म्हणजे त्याचीच सख्खी बहीण. मुख्य वित्त अधिकारी लेखी सांगतो की जमा-खर्चाचा मेळ बसत नाही, आणि कायद्याने करावाच लागतो तेवढा सोडून नवा खर्च बंद होतो. कर्ज होतं सुमारे ७६ कोटी पाउंड. दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या गावावर! गंगाजळी जवळजवळ आटलेली आणि मागच्या वर्षांच्या हिशेबांची तपासणी रखडलेली. लंडनहून सरकारने आयुक्त पाठवले. मालमत्ता विकून रोजचा खर्च भागवायची खास परवानगी द्यावी लागली, म्हणजे दागिने मोडून किराणा भरायचा.

आपल्याकडे महापालिकेवर प्रशासक बसतो तेव्हा नगरसेवक घरी जातात. मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढच्या निवडणुकीला २०२६ उजाडलं. इथे आयुक्त डोक्यावर बसलेले असतानाही निवडणूक ठरल्या तारखेला झाली, आणि लोकांनी हिशोब त्याच दिवशी चुकता केला.

हिशोब घराघरात पोचला तो कौन्सिल टॅक्समधून. ही आपली घरपट्टीच, पण इथे ती मालक नाही, घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूसुद्धा. सार्वमत न घेता ती साधारण ५ टक्क्यांच्या आत वाढवायची मुभा होती. २०२३ च्या एप्रिलपासून तीनच ठिकाणांना त्याहून जास्त वाढीची परवानगी मिळाली: क्रॉयडन, थरॉक आणि स्लाऊ. स्लाऊची वाढ ९.९९ टक्के. नव्या बिलाची पाकिटं मार्चमध्ये दारात पडतात आणि मतदान मेच्या पहिल्या आठवड्यात. यापेक्षा वाईट मुहूर्त कोणत्या सत्ताधाऱ्याला मिळणार?

सुनक यांचा मुद्दा मी पूर्ण फेकून देत नाही. आमच्या बिल्डिंगमध्येही 'आपला माणूस' म्हणून हुजूर पक्षाला मत देणारे होते. पण तेवढ्याने निकाल फिरला असता तर भारतीय वस्ती असलेल्या प्रत्येक गावात तसाच फिरला असता. लेस्टरला हुजूर पक्षाच्या जागा वाढल्या, पण तिथे मजूर पक्षाने स्वतःच्याच बसलेल्या नगरसेवकांची तिकिटं कापून घरात भांडण लावून घेतलं होतं. आणि थरॉक पाहा. तिथे हुजूर पक्षाची सत्ता असताना सोलर प्रकल्पांच्या गुंतवणुकीत पैसा बुडाला, डिसेंबर २०२२ मध्ये तीच ११४ ची नोटीस निघाली, आणि २०२४ ला तिथल्या मतदारांनी कौन्सिल मजूर पक्षाच्या हातात दिली. गल्ला ज्याच्या हातून रिकामा झाला तो गेला. ऑफिसातल्या चहाच्या वेळी हे सांगायला फार रूक्ष पडतं, सुनक यांची गोष्ट जास्त रंगते.

स्लाऊ मजूर पक्षाला कायमचं दुरावलं असंही नाही. जुलै २०२४ ला पार्लमेंटसाठी याच गावाने मजूर पक्षाचे तनमनजीत सिंग ढेसी यांनाच पुन्हा निवडलं. मात्र देशभर त्यांच्या पक्षाची लाट असताना इथलं मताधिक्य साडेतेरा हजारांवरून साडेतीन हजारांच्या घरात आलं, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा उमेदवार अपक्ष होता.

नव्या कारभाऱ्यांना तरी काय हात मोकळे होते? आयुक्त तेच, कर्ज तेच. घरचा कचरा दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी उचलायला सुरुवात झाली तीही निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात.

ओळखपत्राची कटकट कशाला, असं वाटेल म्हणून एक जुनी गोष्ट. २००७ ला याच स्लाऊत एका वॉर्डात यादीत खोटी नावं घुसवून पोस्टाने मतं टाकली गेली. काही 'मतदार' तर ओसाड घरांत राहत होते. २००८ ला निवडणूक न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि निवडून आलेला नगरसेवक पुढे तुरुंगात गेला. अर्थात ती सगळी भानगड पोस्टाच्या मतांची होती, आणि ओळखपत्र मागतात केंद्रावर. असो.

पुढची कौन्सिल निवडणूक मे २०२७ ला. नाव ऑनलाइन पाच मिनिटांत नोंदवता येतं, मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधीपर्यंत. तोवर तुम्ही घर बदललंत तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदवा, आपोआप बदलत नाही.