कोड आणि कसोटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात पीएचडी करते. हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या ग्रिड डेटावरून (नकाशाच्या प्रत्येक चौकटीचा पावसाचा आकडा) जिल्हावार सरासरी काढणारा आमचा पायथन कोड आहे. थोडा भाग जुन्या फोरट्रानमध्ये. गाइड म्हणतात, ऑटोमेटेड टेस्टिंग लाव, म्हणजे कोड बदलला की तपासण्या आपोआप चालतील. त्यासाठी जेन्किन्स, गिटलॅब की गिटहब ॲक्शन्स? शिवाय लॅपटॉप आणि क्लस्टर (एकत्र जोडलेले संगणक) यांची उत्तरं शेवटच्या दशांशांत जुळत नाहीत. मग टेस्ट पास कशी होणार?

उत्तर : कोड जिथे ठेवलाय तिथलीच यंत्रणा घ्या. गिटहबवर पब्लिक रिपॉझिटरी (सर्वांना दिसणारा कोडसाठा) असेल तर ॲक्शन्सचे साधे रनर, म्हणजे टेस्ट चालवणारी मशीन, फुकट मिळतात. संस्थेचा गिटलॅब असेल तर तो. जेन्किन्सचा सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो आणि तुमच्या ग्रुपमध्ये तो माणूस तुम्हीच व्हाल! मात्र पब्लिक रिपॉझिटरीला क्लस्टर रनर म्हणून जोडू नका. कुणाच्याही पुल रिक्वेस्टमधला (बाहेरून सुचवलेल्या बदलातला) कोड तिथे चालू शकतो.

हे अर्ध्या दिवसाचं काम. वेळ घाला तो टेस्ट लिहिण्यात. पायटेस्ट ही पायथनची टेस्ट चालवणारी लायब्ररी पुरे, फोरट्रान एफटूपायने (ते पायथनमधून वापरू देणारं साधन) जोडलेलं असेल तर तेही त्यातूनच तपासता येतं. १३५ गुणिले १२९ ची अख्खी ग्रिड नको, तीन बाय तीनचा तुकडा हाताने बनवा. आठ चौकटींत १० मिमी, नवव्या चौकटीत माहिती नसल्याची खूण, म्हणजे उणे ९९९. सरासरी १० आली पाहिजे. खूण गाळायची राहिली तर उणे १०२ येईल. हे निदान दिसतं तरी. मोठ्या जिल्ह्यात, मुसळधार दिवशी अशी एखादीच चौकट मिसळली तर आकडा नुसता कमी दिसतो आणि बिनबोभाट पेपरात जातो. दुसरी टेस्ट २०२० च्या १ मार्चची, कारण त्या वर्षाच्या फाइलीत ३६६ दिवस आहेत.

आता दशांश. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटचे, म्हणजे संगणकातल्या दशांश संख्यांचे, शेवटचे अंक हलतात, आणि क्लस्टर बेरीज तुकड्यातुकड्यांनी करतो. म्हणून तंतोतंत समानता मागूच नका. नमपाय या पायथन लायब्ररीचं असर्ट ऑलक्लोज वापरा, ते थोडा फरक चालवून घेतं, पण एटॉल (मिमीमध्ये किती फरक चालेल तो आकडा) स्वतः द्या : तो मुळात शून्य असतो आणि कोरड्या दिवशी सापेक्ष फरकाला काही अर्थ उरत नाही. पर्जन्यमापकच ०.१ मिमीपर्यंत वाचतात, तेव्हा ०.००१ मिमी भरपूर कडक झाला.

हा सैलपणा पावसाळी दिवस मोजताना मात्र कामाचा नाही. तिथे २.५ मिमीची रेघ आहे : एका मशीनवर २.५, दुसऱ्यावर २.४९९९९९९, की दिवस एकाने कमी. तुलना करण्याआधी आकडा एका दशांशापर्यंत पूर्णांकित करा आणि नेमक्या २.५ मिमीच्या दिवसाची वेगळी टेस्ट ठेवा.