शरीरात तांबं साठत जाणारा विल्सन आजार तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानं होतो का?
नाही. तसं असतं तर आमच्या नाशकात भांडीबाजाराभोवती घरोघरी रुग्ण दिसले असते. निदान झालेल्यांनी मात्र ते पाणी टाळावं, हे खरं. दोष जनुकातला, आई आणि वडील दोघांकडून आलेला. त्यामुळे यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. गंमत म्हणजे १९१२ मध्ये लंडनचे डॉक्टर किनियर विल्सन यांनी आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा भावंडांत तो दिसूनही त्यांनी तो आनुवंशिक मानला नाही. संशय घेतला कुठल्याशा विषावर. तो अगदीच चुकीचा नव्हता! १९४८ मध्ये कमिंग्ज यांना रुग्णांच्या मेंदूत नि यकृतात साठलेलं तांबं सापडलं. १९५६ मध्ये डॉक्टर वॉल्श यांनी ते लघवीवाटे काढणारं पेनिसिलामाइन हे औषध आणलं. तेराव्या गुणसूत्रावरचं जनुक सापडायला १९९३ उजाडलं.