आजचे सौदे, कालची तारीख

सांगली, रविवार रात्र

भावा,

तुझा जँगोमधला (पायथनचं वेब फ्रेमवर्क) कोड बघितला. लिस्टव्ह्यू, डिटेलव्ह्यू, म्हणजे यादीचं आणि एकेका नोंदीचं पान दाखवणारे क्लास, चांगले जमलेत, पण क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसमधून कुठल्या नोंदी आणायच्या ते, जिथं लिहिलायस ते बघून मला माझी जुनी चूक आठवली, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

मार्केट यार्डात एका अडत दुकानाला हळदीच्या सौद्यांचं ॲप करून दिलं होतं. 'आजचे सौदे' पानाला मी क्लासच्या आत, मेथडच्या बाहेर, वरतीच क्वेरीसेट लिहून आजच्या तारखेचा फिल्टर लावला, माझ्या लॅपटॉपवर सगळं ओके. दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन, एवढी पोती लागलीत आणि स्क्रीनवर कालचेच लॉट, शेतकरी हिशोबाच्या पट्टीसाठी समोर उभा. झालं असं की क्लासच्या आतल्या अशा ओळी पायथन फाइल लोड होताना एकदाच चालवतं. क्वेरी दर वेळी डेटाबेसकडं नव्यानं जाते, पण तिच्यातली तारीख सर्व्हर चालू झाला त्या दिवशीचीच राहते. लॅपटॉपवर फाइल सेव्ह केली की रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा चाचणीचा सर्व्हर, रिस्टार्ट होतो, म्हणून तिथं हे दिसतच नाही.

तेव्हा तारीख, युजर, यूआरएल यावर जे ठरतं ते सगळं गेट_क्वेरीसेट मेथडमध्ये लिही. सुपरकडनं (मूळ क्लासकडनं) क्वेरीसेट घे, फिल्टर लाव, रिटर्न कर. तारखेला टाइमझोनचं लोकलडेट घे आणि सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता ठेव, नाहीतर यूटीसीमुळं (ही जागतिक वेळ आपल्या साडेपाच तास मागं) पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख येते. सौद्यासोबत शेतकऱ्याचं नाव दाखवतोयस तर तिथंच सिलेक्ट_रिलेटेड जोड, म्हणजे नावं त्याच एका क्वेरीत येतील, आत्ता ५० ओळींच्या पानाला नुसत्या नावांसाठी ५० क्वेऱ्या जातायत.

पण मला खरी काळजी तुझ्या अपडेटव्ह्यूची, म्हणजे सौदा बदलायच्या पानाची वाटली. तो रेकॉर्ड शोधतो तो गेट_क्वेरीसेटमधूनच आणि तिथं तू सगळे सौदे मोकळे ठेवलेत. लॉगिन केलेला कुठलाही अडत्या यूआरएलमधल्या ४१ चे ४२ करून शेजारच्या दुकानाचा भाव बदलू शकतो, त्यात शेतकऱ्याचे पैसे आहेत रे. लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन माणूस लॉगिन आहे का एवढंच बघतं, सौदा कुणाचा ते बघत नाही. सेल्फ डॉट रिक्वेस्ट डॉट युजरच्या दुकानाचा फिल्टर लावलास की दुसऱ्याच्या नंबरावर सरळ ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' येतं. डिलीटव्ह्यूलापण तेच कर.

दोन दुकानांचे दोन युजर काढ आणि स्वतः नंबर बदलून बघ. उद्या सौदे सुरू व्हायच्या आत हे अपडेट-डिलीटचं लाइव्ह जाऊ दे, सिलेक्ट_रिलेटेड मंगळवारी केलंस तरी चालतंय.

तुझा दादा