टक्के राहू देत, दाब बघ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून आधी क्लासवाल्यांवर चिडलो, मग तुझ्यावर. सोडलेल्या हवेत १६ टक्के ऑक्सिजन उरतो, तर शरीर तो वापरत का नाही, असा प्रश्न तुला पडला. उत्तम पडला. त्यावर ‘एका मार्काचं आहे, पाठ कर’ असं ऐकून तू बायोलॉजीच सोडायला निघालीस?

टक्के राहू देत, दाब बघ. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. बाकी सगळा धडा त्यातूनच निघतो. आपण हवा ‘ओढतो’ तेही तसंच. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, आकसून सपाट होतं, बरगड्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित घटतो आणि हवा आपली आपण आत येते.

आता वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या इवल्या हवेच्या पिशव्यांत, ये. तिथे ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, सुमारे १०४ मिमी पारा, शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४०. म्हणून तो रक्तात शिरतो. पण दोन्हीकडचा दाब सारखा झाला की व्यवहार थांबला. तोवर रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन जवळपास ९७ टक्के भरलेलं असतं. घेणाऱ्याकडे जागा नाही, तर उरलेला ऑक्सिजन जाणार कुठे? शिवाय साध्या श्वासातल्या ५०० मिलीपैकी साधारण १५० मिली हवा वायुकोशापर्यंत पोचतच नाही. नळ्यांमधूनच कोरी परत येते आणि तुझ्या त्या १६ टक्क्यांत मिसळते. सुटला गुंता?

कार्बन डायऑक्साइडला तर रक्तात ४५ आणि वायुकोशात ४० एवढाच फरक पुरतो. पाचात भागतं कसं, हे क्लासात कोणी विचारलं? तो ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट जास्त विरघळतो, म्हणून भागतं.

सिंहगड चढताना ‘वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. अरे, पायथ्याला २१ टक्के, माथ्यावरही २१. हवेचा दाब तेवढा वर थोडा कमी. दम लागतो तो चढणाऱ्या मांड्यांमुळे. दाब बघ, म्हणतो ते उगाच नाही.

मला संशोधनात जायचं होतं. घरची परिस्थिती आडवी आली, शाळेत लागलो. खंत आहे, खोटं कशाला बोलू? मग निदान शिकवीन ते कारणासकट, असा हट्ट धरला. या धड्यावर इतका रेंगाळायचो की पोर्शन मागे पडायचा, पालक तक्रारी करायचे, मुख्याध्यापक बोलावून घ्यायचे. ऐकलं नाही. पोर्शन संपवणारे बाकीचे होते की!

आणि एक. तुझा भाऊ पाण्याखाली जास्त वेळ टिकावं म्हणून बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतो म्हणालीस. ते आजच बंद कर. श्वास घ्यायची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवलं. भराभर श्वासांनी रक्तात ऑक्सिजनची फारशी भर पडत नाही, ते आधीच भरलेलं. उलट कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र घसरतो. मग ऑक्सिजन संपत आला तरी धाप लागत नाही आणि मुलगा पाण्यातच बेशुद्ध पडतो. त्याला हे धडा म्हणून नको, दरडावून सांग.

रविवारी सकाळी ये. नायट्रोजन ७८ टक्के आत जातो आणि जवळपास तेवढाच बाहेर येतो, तो का, याचं उत्तर आण. पाठ केलेलं आणलंस तर चहा मिळणार नाही.

तुझे सर