बाळंतीण बहिणीसाठी दूध वाढवणाऱ्या कुकीज घरी कशा कराव्यात? ब्रुअर्स यीस्टऐवजी काय घालता येईल?

घरी सहज होतात, आणि विकतच्यापेक्षा चांगल्या होतात. ब्रुअर्स यीस्टऐवजी काहीही घालू नका, त्याच्यावाचून काही अडत नाही. मात्र या कुकीजनी दूध वाढेल असं बहिणीला सांगू नका, कारण ते खरं नाही.

तुम्ही लिहिलंय की बहिणीला बाळंत होऊन तीन आठवडे झालेत, दूध पुरत नाही असं तिला वाटतंय, ऑनलाइन डबा फार महाग आहे, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडे बंगळुरूला जाताना काहीतरी करून नेणार आहात. मी घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते. बाळंतिणीच्या बिस्किटांना वर्षभर मागणी असते, पण माझ्या डब्यावर ‘दूध वाढवणारी’ असं मी लिहीत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, तेव्हा हेच सगळं सांगते. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

या दूध वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘लॅक्टेशन कुकीज’ मूळच्या अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडच्या. ओट्स, जवस, ब्रुअर्स यीस्ट आणि वर चॉकलेटचे तुकडे हा त्यांचा ठरलेला साचा. ब्रुअर्स यीस्ट म्हणजे बीअर करताना वापरलेलं, नंतर वाळवलेलं यीस्ट. चवीला कडू. त्यात बी गटातली जीवनसत्त्वं भरपूर असतात हे खरं, पण ती मोड आलेल्या मटकीतून आणि नाचणीच्या भाकरीतूनही पोटात जातात, आणि तिथे कडूपणा झाकायला चॉकलेट लागत नाही. पावासाठी दुकानात मिळतं ते यीस्ट याच्या बदली घालायचं तर मुळीच नाही. तो प्रकार वेगळा, बिस्किटात त्याचं काही काम नाही.

२०२३ साली अमेरिकेत या कुकीजची नीट चाचणी झाली. दोन महिन्यांची बाळं असलेल्या, फक्त अंगावर पाजणाऱ्या आयांचे दोन गट केले. एका गटाला महिनाभर रोज लॅक्टेशन कुकी दिली, दुसऱ्याला साधी कुकी. दोन्ही गटांच्या दुधात फरक दिसला नाही. आता कोणी म्हणेल की आपले अळिवाचे आणि डिंकाचे लाडू तरी दूध वाढवतातच. मला ते लाडू प्राणप्रिय आहेत, दर थंडीत करते, पण लाडवाला एक न्याय आणि कुकीला दुसरा असं करता येत नाही. बाळंतिणीला लोह हवं, कॅल्शियम हवं, तूप-गूळ हवा, म्हणून ते लाडू. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांचं माप आहे. हे जास्तीचं खाणं कुठून तरी यायला हवं, आणि ते हाताशी हवं.

दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून. बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक (हार्मोन), वाढतं. स्तन रिकामा होतो तसं नवं दूध भराभर तयार होतं, आणि दूध साचून राहिलं की शरीर आपोआप हात आखडता घेतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, आणि त्यात रात्रीचं पाजणं सोडायचं नाही, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. ‘बाई दमलीय, रात्री एक बाटली वरच्या दुधाची द्या, झोपू दे तिला’ असं प्रेमानं सांगणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्या एका बाटलीने एक वेळचं ओढणं बुडतं, आणि तेवढी मागणी कमी झाली असं शरीर धरून चालतं. पान्हा फुटणं हे पुन्हा वेगळं काम, ते ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचं. खूप दुखत असेल, मनावर ताण असेल, चारचौघांत अवघडायला होत असेल, तर भरलेल्या स्तनातूनही दूध लवकर उतरत नाही. त्यामुळे खोलीत गर्दी करून ‘येतंय का गं दूध?’ विचारणाऱ्या मंडळींना आधी बाहेर चहाला बसवा.

तीन आठवडे म्हणताय, म्हणून आणखी एक. साधारण याच सुमाराला बाळं अचानक सारखी सारखी प्यायला मागतात, विशेषतः संध्याकाळी. तासाभरापूर्वी प्यायलेलं बाळ पुन्हा रडतं. त्याच दिवसांत स्तन पहिल्यासारखे टणक राहत नाहीत, मऊ लागतात. दोन्ही गोष्टी बहुतेकदा अगदी नेहमीच्या असतात, पण घरात एकच अर्थ निघतो: दूध आटलं. पंपाने किती निघालं यावरूनही ठरवू नका, बाळ पंपापेक्षा कितीतरी चांगलं ओढतं. खरी खूण लंगोटात आणि वजनकाट्यावर असते. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची शू होतेय का, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत आलं का, आणि त्यानंतर रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढतंय का, एवढं विचारा. शू कमी आणि गडद असेल, बाळ सुस्त असेल, प्यायलाच उठत नसेल, वजन वाढत नसेल, तर बिस्किटांच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. बाळाने स्तन नीट तोंडात धरलाय का, हे स्तनपान सल्लागाराला समोर बसून बघू द्या. अर्धी दुखणी तिथेच सुटतात. बहिणीला थायरॉइड असेल, बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल, किंवा सर्दीची अथवा गर्भनिरोधक गोळी सुरू असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. यातल्या काही गोष्टींनी खरंच दूध कमी होतं.

आता बिस्किटं.

रात्री तीन वाजता एका हातात बाळ असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात. त्या वेळी लाडू फुटतो आणि त्याचा भुगा पांघरुणात जातो. वरण-भात कोणी गरम करून देत नाही. बिस्कीट मात्र एका हाताने डब्यातून काढता येतं. म्हणून मी ती लहान करते, दीड घासाची, आणि ओट्स अख्खे न ठेवता मिक्सरला जाडसर फिरवून घेते. अख्ख्या ओट्सच्या कुकीजचा चुरा थेट बाळाच्या टाळूवर पडतो, आणि अंधारात तो टिपत बसायचं त्राण कोणाला नसतं.

साहित्य असं: १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम नाचणीचं पीठ, ९० ग्रॅम ओट्स, ११० ग्रॅम साजूक तूप, १०० ग्रॅम किसलेला किंवा पावडर गूळ, दोन मोठे चमचे भाजून कुटलेलं जवस, दोन चमचे भाजलेले तीळ, पाव वाटी खारकेची पूड, मूठभर बदामाचे काप, अर्धा चमचा सुंठ, किंचित जायफळ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दूध. नाचणी घालायची ती कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण नुसत्या नाचणीचं बिस्कीट वाळूसारखं सुटतं, तिला धरून ठेवायला कणीक लागतेच.

नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर कोरडंच भाजा. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला की उतरवा आणि पूर्ण गार करा. गरम पिठात तूप घातलं तर ते वितळून बसतं आणि बिस्किटं ट्रेवर पसरतात. तूप थिजलेलं घ्या, रवाळ असेल तर उत्तम. ते आणि गूळ हाताने पाच-सात मिनिटं फेसा. गुळाचा एकही खडा राहू देऊ नका, कारण भट्टीत तो खडा वितळून खाली येतो आणि बिस्किटाच्या बुडाला काळा, कडू डाग पडतो. मग सगळं कोरडं मिसळून चमचा-चमचा दूध घालत गोळा करा. मुठीत दाबला की टिकला पाहिजे, पण कणकेसारखा मळायचा नाही. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात ओट्स दूध पितात आणि चिरा पडत नाहीत. चोवीस-पंचवीस गोळे करून हलके चपटे करा.

ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, १६० अंशांवर आधी तापवा. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून १८० वर जाऊ नका. सोळा ते अठरा मिनिटांत कडा रंग धरतात. बाहेर काढल्यावर मध्ये मऊ लागतील आणि कच्ची राहिली असं वाटेल. तरी परत आत सारू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, गार होताना ती आळतात. ओटीजी बिघडला तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवूनही होतात, फक्त बुड लवकर लाल होतं, तेव्हा लक्ष ठेवा. आणि अजिबात वेळ नसेल तर कणीक, तूप, गूळ डब्यात भरून ओळखीच्या बेकरीत नेऊन द्या. दिवाळीआधी नानकटाई करून देणारे भट्टीवाले अजून बऱ्याच गावांत आहेत, प्रमाण सांगितलं की देतात करून.

एका बिस्किटात शंभराच्या वर कॅलरी जातात. म्हणजे दुधाच्या पेल्याबरोबर दोन हे छान मधलं खाणं झालं. सहा खाल्ली तर जास्तीच्या सगळ्या कॅलरी गोडातच संपल्या, मग डाळ, अंडं, पालेभाजीला पोटात जागा उरत नाही. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे नेण्याआधी विचारून घ्या. वाढली असेल तर गूळही साखरच धरायचा.

अळीव घालायचे असतील तर बिस्किटात नको, केकात घाला. दोन मोठे चमचे अळीव पाऊण वाटी नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवले की बुळबुळीत होऊन टम्म फुगतात. तो चिकटपणाच पीठ धरून ठेवतो, त्यामुळे अंडं लागत नाही. त्यात गूळ, ओलं खोबरं, पातळ तूप, कणीक आणि बारीक रवा घालून, बेकिंग पावडर टाकून भाजायचं. इथे दूध घालू नका, गुळाने फाटू शकतं, आणखी नारळपाणी घाला. चव कोकणातल्या धोंडसाच्या, म्हणजे काकडीच्या गोड केकाच्या, जवळ जाते. पण ओल्या खोबऱ्यामुळे हा केक दोन दिवसांतच संपवावा लागतो, प्रवासाला नेण्यासारखा नाही. तिकडे पोचल्यावर करा.

मेथीबद्दल कोणी ना कोणी सांगेलच. लाडवात किंवा भाजीत असते तेवढी मेथी बहुतेकींना चालते. मेथीच्या कॅप्सूल किंवा चमचे-चमचे पूड हा वेगळा मामला. तिने रक्तातली साखर उतरू शकते, पोट बिघडू शकतं, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर घोळ होऊ शकतो, आणि शेंगदाणे-हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही होऊ शकते. बहिणीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तरी ती बिस्किटात घालणार नाही. शिवाय कडू लागतात. ‘दूध वाढायची गोळी’ तर मेडिकलमधून परस्पर आणूच नका.

पाण्याचं म्हणाल तर तहान लागेल तेव्हा पोटभर. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे जुनं खूळ सोडा, आणि तांब्यामागून तांब्या पाजायचं नवं खूळही नको. पाजायच्या जागेशेजारी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा डबा ठेवा, झाकण एका हाताने उघडणारं असू द्या. बरणीचं फिरकीचं झाकण तिथे काही कामाचं नाही.

तुम्ही स्वतः जाणार आहात ते फार बरं. रात्री पाजून झालं की बाळ तुमच्याकडे घ्या, ढेकर काढा, लंगोट बदला, आणि पुढच्या पाजण्यापर्यंत तिला झोपू द्या. मी वर दिलेलं सगळं बाजूला ठेवून एकच काय करू असं विचाराल, तर हे करा.

नेताना बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतात. स्टीलच्या डब्यात तळाला आणि प्रत्येक थराच्या मध्ये बटर पेपर घाला, वरची मोकळी जागा कागदाने दाबून भरा, म्हणजे गाडीत आपटून तुटणार नाहीत. दहा-बारा दिवस चांगली राहतात. त्यापुढे जवसाला खवट वास यायला लागतो, म्हणून जवस आयत्या वेळी कुटा आणि एकदम दुप्पट करून ठेवू नका.