वडील चालता चालता बोलायला लागले की थांबतात. गुडघे ठणठणीत आहेत, मग असं का?

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी नजर टाका, असे बरेच ज्येष्ठ दिसतील: नातू काही विचारतो, आजोबा पाय थांबवतात, उत्तर देतात, मग पुढे चालतात. कारण बहुधा पायांत नसून मेंदूत असतं.

तरुणपणी चालणं बरंचसं आपोआप होतं; मज्जारज्जू, लहान मेंदू आणि मेंदूच्या आतल्या भागातली केंद्रं ते सांभाळतात. वयानुसार मेंदूतले संदेश मंदावतात, तळपायांची संवेदना आणि कानातली तोलाची यंत्रणा कमजोर होते. ही उणीव कपाळामागचा भाग लक्ष देऊन भरून काढतो. बोलायलाही तोच भाग लागतो. दोन्ही कामं एकदम जमली नाहीत की एक थांबतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की बोलताना थांबणारे वृद्ध पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात. म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

थांबणं मात्र शहाणपणाचं आहे, त्यांना घाई करू नका. नवी पेठेतल्या गर्दीत किंवा रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलूच नका. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. मधुमेह असेल तर तळपायांची संवेदना तपासून घ्या, रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा बघा. तोल सांभाळायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकले तर या वयातही फरक पडतो.

पाय घासत चालणं किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. चाल अचानक बिघडली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.