345 पॉईंट म्हणजे नक्की किती सेंटीमीटर, दोन उत्तरं का येतात?

तुमचा प्रश्न असा आहे की लाटेकमधे (टेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामवर चालणारी सिस्टीम) टेक्स्टविड्थ, म्हणजे ओळीची रुंदी, प्रिंट करून बघितली तर 345 पीटी, म्हणजे पॉईंट, येते, ऑनलाईन कन्व्हर्टर त्याचे 12.17 सेमी सांगतो आणि मित्र म्हणतो 12.13, मग खरं कोणाचं, आणि ग्राफ किती रुंदीचा बनवायचा. मित्राचं बरोबर आहे. कन्व्हर्टरचंही गणित चुकलेलं नाहीये, त्याने फक्त दुसराच पॉईंट धरलाय.

सगळा घोळ इथेच आहे, पॉईंट नावाची मापं एकापेक्षा जास्त आहेत. टेकमधला पीटी म्हणजे इंचाचा 72.27 वा भाग. पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान सांगायची भाषा), पीडीएफ, वर्ड, सीएसएस (वेबपानं सजवायची भाषा) या सगळ्यांचा पॉईंट म्हणजे इंचाचा बरोब्बर 72 वा भाग. टेकमधे हा दुसरा पॉईंट पण आहे पण त्याचं नाव बीपी, म्हणजे बिग पॉईंट. 72.27 हा आकडा विचित्र वाटतो पण तो हवेतून आलेला नाही, अमेरिकेतल्या टाईप बनवणाऱ्यांनी 1886 मधे जो पॉईंट ठरवला तो 0.013837 इंच धरला जायचा, आता 0.013837 ला 72.27 ने गुणून बघा, जवळजवळ पूर्ण 1 येतो. डोनाल्ड कनूथने टेक लिहिताना छापखान्याचं तेच जुनं माप ठेवलं. नंतर अडोबीने पोस्टस्क्रिप्टमधे सरळ 72 घेतलं आणि डेस्कटॉप पब्लिशिंगमधे तेच रुळलं. फोटोशॉपच्या सेटिंगमधे तर अजूनही दोन्ही पर्याय दिसतात, पोस्टस्क्रिप्ट आणि ट्रॅडिशनल.

आता तुमचं गणित. 345 भागिले 72.27 म्हणजे 4.774 इंच, गुणिले 2.54, आलं 12.125 सेमी. तेच 72 ने भागलं की 12.171. फरक अर्धा मिलिमीटर सुद्धा नाही, मग एवढं काय त्यात असं वाटेल, पण तुम्ही 12.17 सेमीचा ग्राफ करून तो त्याच मापात टाकला तर तो ओळीपेक्षा सव्वा पॉईंटने रुंद होतो आणि ओव्हरफुल एचबॉक्सची, म्हणजे ओळीत मावत नाही अशी, वॉर्निंग येते, आणि माणूस तासभर मार्जिनमधे चूक शोधत बसतो. दोन्ही पॉईंटमधला फरक 0.375 टक्के आहे, कागद जितका मोठा तितका तो मिलिमीटरमधे वाढतो. ए4 ची रुंदी बीपीमधे 595.276 येते, तोच आकडा कोणी पीटी म्हणून टेकमधे टाईप केला तर कागद 209.2 मिमीचा होतो. ए0 पोस्टरच्या 1189 मिमी उंचीत हाच फरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास जातो आणि तो कटिंगला डोळ्यांना दिसतो.

म्हणून माझी पद्धत एकच, कुठूनही कुठेही जायचं असेल तर आधी इंचावर यायचं. कारण इंच सगळीकडे सारखा, 2.54 सेमी, त्यात वाद नाही. टेकचा पीटी असेल तर 72.27 ने भागा, पीडीएफचा किंवा वर्डचा असेल तर 72 ने, सीएसएसचा पिक्सेल असेल तर 96 ने. (म्हणूनच 16 पिक्सेल म्हणजे 12 पॉईंट.) ग्राफसाठी मॅटप्लॉटलिब (पायथॉनमधे ग्राफ काढायची लायब्ररी) वापरत असाल तर ते साईज इंचातच मागतं, सरळ 4.774 द्या, आणि लाटेकमधे टाकताना स्केल करू नका म्हणजे ग्राफमधली अक्षरं ठरवलेल्या साईजचीच राहतील. टाईट बाऊंडिंग बॉक्सचा ऑप्शन मात्र टाळा, तो कडा छाटतो आणि रुंदी बदलते, मग ही सगळी मेहनत पाण्यात. फोटो असेल तर 4.774 गुणिले 300 डीपीआय (एका इंचातले ठिपके), म्हणजे साधारण 1432 पिक्सेल. हा पिक्सेल आणि सीएसएसचा पिक्सेल एक नाही हं, सीएसएसचा हा ठरवून दिलेला इंचाचा 96 वा भाग आहे, फोटोतला म्हणजे नुसता एक ठिपका, डीपीआय सांगितल्याशिवाय त्याला लांबीच नसते.

खरं तर बऱ्याचदा कन्व्हर्ट करायची गरजच नसते. टेकला पीटी, बीपी, सीएम, एमएम, इन, पायका, अगदी युरोपातला जुना दिदो पॉईंट सुद्धा समजतो, ज्या मापात विचार करताय त्याच मापात लिहा. आतमधे टेक सगळं एसपीमधे ठेवतं, एका पीटीचे 65536 एसपी, आणि ते पूर्णांकच असतात. त्यामुळे 1 इंच देऊन परत विचारलं तर 72.27 ऐवजी 72.26999 पीटी दिसतं, बऱ्याच जणांना तो बग वाटतो पण तो फक्त एका एसपीच्या आतला उरलेला तुकडा आहे, एक एसपी प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी लहान असतो, सोडून द्या. नुकसान होतं ते आपण हाताने दोन दशांशांवर गोल करून तोच आकडा परत पुढे कन्व्हर्ट करतो तेव्हा. डॉक्युमेंटमधेच सेमी छापून हवे असतील तर लेआउट्स नावाचं पॅकेज आहे, ते कुठलीही लांबी हव्या त्या मापात छापून देतं.

एम आणि एक्स या मापांचं मात्र असं नुसत्या भागाकाराने होत नाही, ती फाँटवर अवलंबून असतात. सीएसएसमधे एम म्हणजे फाँट साईजच, 12 पॉईंटला 12. टेकमधे एम किती हे फाँट फाईलच सांगते, टेकच्या नेहमीच्या कंप्युटर मॉडर्न फाँटमधे 12 पॉईंटच्या अक्षराचा एम 11.74988 पीटी निघतो. तेव्हा वेबवरचं डिझाईन टेकमधे आणताना एमचे आकडे तसेच उचलू नका, आधी पॉईंटमधे आणा.

आणि शेवटी पट्टीने तपासा. डॉक्युमेंटमधे 10 सेमीची एक रूल, म्हणजे रेघ, टाकून पान प्रिंट करा आणि मोजा. प्रिंट करताना फिट टू पेज बंद करून ॲक्चुअल साईज निवडा, नाहीतर प्रिंटर पान बारीक करतो, रेघ 9.7 सेमी भरते आणि दोष फुकटचा पॉईंटला लागतो.